मचूळ पाण्यातली हिरवी टाकी: आधी आकडा, मग झाडं, मग मासे

नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी धड गोडं नसतं आणि धड खारंही नसतं. आपण त्याला मचूळ म्हणतो, पुस्तकात निमखारं लिहितात. भरतीला त्याचा खारटपणा वाढतो, ओहोटीला उतरतो, आणि तरीही तिथे चिखलात मुळं रोवून झाडं उभी असतात. तसल्या पाण्याची एक टाकी माझ्या घरात 6 वर्षं आहे. तिच्यासाठी एक वही ठेवली आहे आणि पाण्याला हात लावला की वहीत नोंद होते. हे सगळं त्या वहीतूनच लिहिते आहे.

ही टाकी करायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मासे कुठले ठेवू?" माझ्या मते गफलत इथेच सुरू होते. आधी मासे आणले की त्यांच्यासाठी मीठ वाढवावं लागतं आणि मीठ वाढलं की झाडं जातात. शेवटी रिकामी वाळू, दोन दगड आणि एक प्लॅस्टिकचं रोप उरतं. झाडं हवी असतील तर त्यांना किती मीठ सोसेल त्यावरून खारटपणा ठरवा, आणि मग त्या पाण्यात सुखाने राहतील तेवढेच मासे निवडा. म्हणून काहीही विकत घेण्याआधी कागदावर एक आकडा लिहायचा.

आकडा कुठला?

खारटपणा मोजायला आपण विशिष्ट गुरुत्व वापरतो, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड आहे तो आकडा. गोड्या पाण्याचं 1.000, समुद्राच्या पाण्याचं साधारण 1.025 ते 1.026, म्हणजे लिटरमागे जवळजवळ 35 ग्रॅम क्षार. यांच्या मधलं सगळं मचूळ. हा पट्टा कागदावर मोठा दिसतो, पण पाण्याखालच्या हिरव्या झाडांना त्यातला सुरुवातीचा छोटा तुकडाच मानवतो: 1.002 ते 1.005. त्याच्या वर गेलात की झाडांची यादी भराभर आखडते. 1.010 ला रुपियासारखी एखादी मूळची खाडीतली वनस्पती आणि पाण्याबाहेर पानं काढणारी खारफुटी एवढंच हाती राहतं.

माझा आकडा 1.003. म्हणजे लिटरला सुमारे 4 ग्रॅम मीठ. नवीन करणाऱ्यालाही मी हाच सांगते, कारण मोजण्यात थोडी चूक झाली तरी दोन्ही बाजूंना जागा राहते. मीठ म्हणजे मात्र समुद्री मत्स्यालयासाठी बनवलेलं मिश्रण. घरातलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्री मिश्रणात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असे क्षार समुद्रात असतात त्या प्रमाणात घातलेले असतात, आणि पाण्याचा पीएच 7.5 ते 8.3 च्या दरम्यान टिकवून धरण्याचं काम त्यांतलं बायकार्बोनेट करतं. इथे काटकसर करू नका.

मोजमापाबद्दल थोडं. काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये (पाणी भरून काट्यावर विशिष्ट गुरुत्व वाचायचं साधन) काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. भरल्यावर तो बोटाने टिचकावून बुडबुडे सोडवायचे आणि मगच वाचायचं. तो कुठल्या तापमानाला बरोबर दाखवतो ते त्याच्यावर छापलेलं असतं, तेही बघा. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून जाताना प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं साधन) जास्त भरवशाचा आहे, पण आधी ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून शून्य लावून घ्यावं लागतं. एवढ्या कमी मिठात त्याच्याही रेषा फार दाट पडतात. मी हल्ली विद्युतवाहकता मोजणारं मीटर वापरते, 1.003 च्या पाण्याला ते 25 अंशाला 7 मिलिसिमेन्सच्या आसपास दाखवतं आणि पाव ग्रॅमचा फरकही लगेच कळतो. पण खरं सांगायचं तर सगळ्यात उपयोगी पडला तो वजनकाटा. मीठ चमच्याने मोजू नका. दमट मीठ आणि कोरडं मीठ यांचा चमचा सारखा भरतो, वजन सारखं भरत नाही.

टाकी आणि तळ

माझी टाकी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 36 उंच. गुणाकार केला तर जवळजवळ 65 लिटर, पण वाळू, दगड, ओंडका आणि वर सोडलेली जागा वजा जाता पाणी बसतं 52 लिटर. हा दुसरा आकडा नक्की माहीत हवा, कारण मिठाचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे. पहिल्यांदा टाकी भरताना मापाच्या बादलीने भरा आणि किती लिटर गेलं ते लिहून ठेवा. नंतर ते कळण्याचा सोपा मार्ग नाही.

फिल्टर नेहमीचाच चालतो, पण पाणी सगळीकडे फिरेल असा बसवा. खारं पाणी जड असतं, तळाशी बसू बघतं. शिवाय मीठ आणि उष्णता दोन्हींमुळे पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पृष्ठभाग हलता राहिला पाहिजे. लोखंडी क्लिपा, स्क्रू आणि झाडांच्या जुडीला गुंडाळलेली शिशाची पट्टी आत जाता कामा नये. काचेचं झाकण हवंच. झाकणाच्या कडेला आणि वायरींवर मिठाची पांढरी खपली धरते. ती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायची. वायर प्लगकडे जाण्याआधी प्लगच्या पातळीखाली एक झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, प्लगमध्ये जात नाही.

तळाला बारीक वाळू, तिच्यात मूठ-दोन मुठी प्रवाळाचा चुरा. तो हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा कठीणपणा सांभाळतो. गोड्या पाण्यातल्या झाडांसाठी जी पोषक माती मिळते, ती इथे वापरू नका. का, ते मी फार वाईट पद्धतीने शिकले.

माझी पहिली मचूळ टाकी एका चालू गोड्या टाकीतूनच केली होती. 5 मोली होते, झाडं होती, आणि फिल्टरच्या एका कप्प्यात झिओलाइटचे खडे होते. झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) माशांच्या उत्सर्गातून येणारा विषारी अमोनिया धरून ठेवतो, म्हणून कोणे एके काळी घातलेले आणि विसरलेले. मी मीठ घालायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे होते. मला वाटलं, मीठ जास्त झालं. अमोनिया तपासायचं सुचलं तेव्हा चाचणीच्या नळीतलं पाणी पिवळं राहण्याऐवजी गर्द हिरवं झालं. निम्मं पाणी बदललं तरी रंग तसाच. दोन मासे गेले. कारण नंतर कळलं: खाऱ्या पाण्यातलं सोडियम झिओलाइटमधल्या अमोनियमला ढकलून त्याची जागा घेतं. झिओलाइट पुन्हा वापरण्याजोगा करायला त्याला मिठाच्या पाण्यात बुडवतात ते याचसाठी. मी महिनोन्महिने साठलेला अमोनिया एका रात्रीत टाकीत मोकळा केला होता. चिकणमातीची पोषक जमीनही अमोनियम असंच धरते आणि मीठ लागलं की असंच सोडते. त्यात पीएच चढा असला की अमोनिया जास्त विषारी रूपात राहतो. जुनी टाकी मचूळ करणार असाल तर फिल्टरचा प्रत्येक कप्पा उघडून बघा.

झाडं

यादी लहान आहे, पण त्यातलं प्रत्येक झाड दमाचं आहे.

जावा फर्न आणि अनुबियास ही दोन पहिली. दोन्ही ओंडक्याला किंवा दगडाला सुती दोऱ्याने बांधायची. त्यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर सडतो. जावा फर्नवर माझा फार जीव आहे. जुन्या पानाच्या कडेला आधी काळा ठिपका येतो, मग त्या ठिपक्यातून केसासारखी तपकिरी मुळं, आणि काही दिवसांनी नखाएवढं पान. आईच्या पानावर बसूनच ते रोप वाढतं. दोन-तीन सेंटिमीटरचं झालं की बोटाने अलगद सुटतं आणि दुसऱ्या ओंडक्यावर बांधता येतं. माझ्या टाकीतली सगळी फर्न पहिल्या दोन जुड्यांची अशीच वाढलेली पिल्लं आहेत.

मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया, फितीसारखी लांब पानं. ही वनस्पती कठीण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, म्हणून वेगळा कार्बन डायऑक्साइड न सोडताही या पाण्यात तिचं भागतं. पुढे बुटकी सॅजिटेरिया सुब्युलाटा, जी मुळात भरतीच्या पाण्याजवळचीच आहे. मध्ये क्रिप्टोकोरिन सिलिएटा. क्रिप्टोकोरिनच्या बाकीच्या बहिणी मिठाला बिचकतात, ही एक खाडीकाठी खारफुटीच्या सावलीतसुद्धा सापडते. मोठी होते, तेव्हा लहान टाकीत एकच पुरे. आणि आपली ब्राह्मी! ओलसर, दलदलीच्या, किंचित खाऱ्या जागी पसरणारी ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, आणि ती पाण्याखालीही उभी वाढते. मत्स्यालयाची रोपं मिळाली नाहीत तर कुंडीतल्या ब्राह्मीच्या फांद्या खोचल्या तरी चालतं. औषध न फवारलेली मात्र असावी. तिची पाण्याबाहेरची पानं गळतात, घाबरू नका, शेंड्याला नवी येतात.

लाल पानांची, बारीक चिरलेल्या पानांची आणि गालिच्यासारखी पसरणारी नाजूक झाडं या टाकीत आणू नका. ती जातातच, आणि मरताना पाणीही बिघडवतात.

खतात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, ती म्हणजे लोह. चढ्या पीएचला लोह झाडांच्या उपयोगाचं राहत नाही, गंजासारखं तळाशी बसतं. लोह विरघळलेलं राहावं म्हणून खतात ते एखाद्या रसायनात बांधलेलं असतं. साध्या ईडीटीएमध्ये बांधलेलं लोह इथे फार टिकत नाही, डीटीपीए बरं, ईडीडीएचए सगळ्यात टिकाऊ, फक्त त्याने पाण्याला लालसर छटा येते. वाळूत मुळं धरणाऱ्या झाडांना मी मुळांशी पुरायच्या गोळ्या देते. फर्न आणि अनुबियासला मुळांच्या गोळ्यांचा उपयोग नाही, त्यांना द्रवरूप खतच लागतं. दिवा 6 तासांपासून सुरू करा. ही सावकाश वाढणारी झाडं आहेत. उजेड जास्त झाला तर त्याचा फायदा शेवाळ उचलतं.

मीठ कसं चढवायचं

झाडं लावून पहिले 3 आठवडे मीठ अजिबात घालू नका. मुळं धरू द्या. याच काळात अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे फिल्टरमधले जिवाणू तयार होत असतात. आधी अमोनिया, मग नायट्राइट चढून उतरायला 4 ते 6 आठवडे लागतात, आणि टाकीत मासा नसल्याने घाईही नसते. चौथ्या आठवड्यापासून आठवड्याला लिटरमागे 1 ग्रॅम या चालीने मीठ वाढवायचं.

एकदम का नाही? पानांच्या पेशींतलं पाणी बाहेरच्या जास्त खाऱ्या पाण्याकडे ओढलं जातं. सवड मिळाली तर पेशी आत क्षार आणि साखरेसारखे पदार्थ साठवून तो ओढा तोलतात. सवड मिळाली नाही तर पान काचेसारखं पारदर्शक होऊन दोन दिवसांत विरघळतं. जिवाणूंनाही एकदम मीठ मानवत नाही.

माझ्या 52 लिटरच्या टाकीचा हिशोब देते, तुम्ही तुमचा आकडा घालून करा. दर आठवड्याला 10 लिटर पाणी काढायचं आणि क्लोरीन घालवलेलं 10 लिटर बादलीत मीठ विरघळवून भरायचं. पहिल्या आठवड्याला बादलीत 52 ग्रॅम. दुसऱ्या आठवड्याला काढलेल्या 10 लिटरसोबत 10 ग्रॅम मीठ बाहेर जातं, म्हणून 62. तिसऱ्याला 72, चौथ्याला 82. चार आठवड्यांत लिटरमागे 4 ग्रॅम झाले. त्यानंतर कायम दर आठवड्याला 10 लिटर, 40 ग्रॅम. मधल्या एखाद्या आठवड्यात बरीच पानं वितळताना दिसली तर पुढची वाढ थांबवा, त्याच खारटपणावर दोन आठवडे राहा.

कोरडं मीठ टाकीत कधीच टाकू नका, पानावर खडा बसला की तिथे भोक पडतं. बादलीत एअर पंपाचा दगड सोडून तासभर ढवळू द्या, पाणी स्वच्छ दिसू लागलं की मोजा, मग मगाने फिल्टरच्या धारेत ओता. ओतताना काचेतून बघा: तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते तसं खारं पाणी गोड्या पाण्यात थरथरत खाली उतरतं. ते थरथरणं थांबलं की पाणी मिसळलं.

आता मासे

आठवे-नववे आठवडे उजाडले, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत, तर मासे आणायला हरकत नाही. 52 लिटरसाठी माझी निवड बंबलबी गोबी, 6 ते 8, आणि 3 नेराइट गोगलगायी. बस. गोबी जेमतेम 3-4 सेंटिमीटरचे, पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे, पोटाखालच्या चूषकाने पानाला चिकटून बसतात. प्रत्येकाला आपली एक जागा लागते, म्हणून ओंडक्याच्या कपारी आणि लहान शंख भरपूर ठेवा.

त्यांची अडचण खाण्याची. कोरडं खाद्य ते बहुधा बघतही नाहीत. मी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या, कोळंबीसारख्या जीवाची) अंडी उबवते: लिटरला 25 ग्रॅम मीठ, 28 अंश, तळाशी हवा, आणि साधारण दिवसभरात नारिंगी ठिपक्यांसारखी पिल्लं पोहायला लागतात. गोड्या टाकीत ही पिल्लं लवकर मरून तळाशी पडतात. मचूळ पाण्यात ती बराच वेळ जिवंत राहतात आणि गोबीला सावकाश शिकार करता येते. तो अनुबियासच्या पानावर बसून मान वळवल्यासारखं आख्खं अंग वळवतो, एका ठिपक्यावर दोन्ही डोळे रोखतो, शेपूट किंचित आखडतो आणि उडी. बऱ्याचदा नेम चुकतो. मग पुन्हा त्याच पानावर येऊन बसतो. आठवड्याला मी तीनदा तरी हे बघत बसते.

गोबी बऱ्याचदा गोड्या पाण्यात ठेवून विकले जातात, तेव्हा आणण्याआधी कुठल्या पाण्यात आहेत ते विचारा. गोड्या पाण्यातले असतील तर वेगळ्या लहान टाकीत आठवडाभरात मीठ चढवत न्या. निदान नळीला गाठ मारून थेंबथेंब पाणी दोन तास तरी सोडा.

टाकी याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर मोली किंवा नारिंगी क्रोमाइड यांचा विचार करा. मोनो, स्कॅट आणि आर्चर यांना घरच्या हिरव्या टाकीत आणू नका. मोनो आणि स्कॅट हाताच्या पंजाहून मोठे होतात, वाढत्या वयाबरोबर जास्त मीठ मागतात आणि स्कॅट तर झाडंच खातो. हिरवा ठिपकेदार पफर लहानपणी फार गोड दिसतो. त्याचंही 15 सेंटिमीटर होतं आणि मोठेपणी त्याला जवळजवळ समुद्राचं पाणी लागतं. अशा माशाला चुकीच्या पाण्यात वर्षानुवर्षं झिजताना बघणं फार वाईट असतं.

नेराइट ओंडक्यावर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवतील. एवढ्या कमी मिठात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत, ती तशीच राहू द्या.

रोजचं

टाकीच्या काचेवर बाहेरून एक रेघ मारा. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रेघेपर्यंतची घट नेहमी गोड्या पाण्याने भरायची, मीठ घातलेलं पाणी फक्त पाणी बदलताना. माझ्याकडे आठवड्याला जवळजवळ 2 लिटर उडतं. ते मचूळ पाण्याने भरलं तर प्रत्येक वेळी 8 ग्रॅम मीठ जादा जाईल, आणि ते सगळ्यात आधी व्हॅलिस्नेरियाच्या पानांची टोकं करपून दिसेल. पाणी बदलायच्या दिवशी आधी गोड्या पाण्याने रेघेपर्यंत भरायचं, मग मोजायचं, मग काढायचं. हा क्रम उलटा झाला की वहीतले आकडे चुकतात.

खारफुटीचं रोपटं लावायची हौस बहुतेकांना असते. मलाही होती. कांदळाची लांब शेंगेसारखी बीजं झाडावरच रुजलेली असतात. पाळलेल्या रोपांपासूनची किंवा रीतसर विकत मिळणारीच घ्या, खाडीतली उभी रोपं उपटू नका. जाड, टोकदार टोक खाली, कोंब वर, आणि खालचा एक तृतीयांश भागच पाण्यात, असं टाकीच्या कडेला टेकवून ठेवायचं. पानं कायम पाण्याबाहेर हवीत, म्हणून झाकणाचा तेवढा तुकडा उघडा ठेवावा लागतो आणि वरून वेगळा दिवा लागतो. मुळं यायला काही आठवडे जातात, पहिली दोन पानं यायला त्याहून जास्त. एकदा रुजलं की जागा बदलू नका आणि पाण्याची पातळी एकदम वर चढू देऊ नका. पानांवर मिठाचे शिंतोडे वाळतात, ते आठवड्यातून दोनदा गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. फवाऱ्याचं ते पाणी टाकीतच पडतं, तेव्हा ते घट भरण्याच्या 2 लिटरमधूनच घ्या.